संगणक शब्द कसा शोधतो?



शब्दकोशात एखादा शब्द पाहावयाचा असेल, तर आपणांस फारसे श्रम पडत नाहीत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची दुसरी, वाढविलेली आवृत्ती निघाली. त्या जाडजूड ग्रंथात 'कागद' हा शब्द हवा असल्यास आपण 'क' अक्षराची पाने उघडतो, त्यांत 'का' पाहतो आणि अर्ध्या मिनिटात शब्दावर बोट ठेवतो. परंतु हाच शब्द एखाद्या दोनशे पानी कथासंग्रहात कोठे आला आहे, हे कोणी विचारले तर? तेथे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरविण्यावाचून गत्यंतर नाही. कोशकाराने शब्द वर्णानुक्रमाने लावण्याचे कष्ट आधीच घेतलेले असतात. कथालेखक तसे करीत नाही, आणि करील तर त्याची कथाच नाहीशी होईल.

हे कंटाळवाणे काम आज संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. मजकूर लिहिण्याची जी साधी साधने संगणकावर असतात, त्यांस टेक्स्ट एडिटर म्हणतात. 'नोटपॅड' हे त्यांपैकी पुष्कळांच्या ओळखीचे. त्यात 'शोधा' अशी एक सोय असते. शब्द लिहावा, बटण दाबावे, आणि तो शब्द रंगीत होऊन पुढे यावा, इतके ते सोपे दिसते. पण जे सोपे दिसते त्याच्या पोटात किती विचार साठविलेला असतो, हे ती सोय स्वतः तयार करू लागल्यावाचून कळत नाही. म्हणून समजा, आपल्या शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने पायथन या भाषेत एक लहानसा एडिटर बनविला आहे. एक खिडकी आहे, तीत लिहिता येते, लिहिलेले जपून ठेवता येते व पुन्हा उघडता येते. आता त्याला त्यात 'शोधा' ही सोय घालावयाची आहे. तो काय करील?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकाला अक्षरे दिसत नाहीत. त्याला फक्त संख्या ठाऊक असतात. जगातील बहुतेक लिप्यांतील चिन्हांना एकेक क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची व्यवस्था १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीचे क्रमांक २३०४ पासून सुरू होतात. 'क' चा क्रमांक २३२५, 'ग' चा २३२७, 'द' चा २३४२, आणि काना या चिन्हाचा २३६६. म्हणजे आपण 'कागद' असे तीन अक्षरांत वाचतो, त्या जागी संगणकाजवळ चार संख्यांची रांग असते: २३२५, २३६६, २३२७, २३४२. शोधणे म्हणजे एका लांब रांगेत ही छोटी रांग जशीच्या तशी कोठे बसते, ते पाहणे.

आता 'काकांचा कागद' हा मजकूर घेऊ. त्यातील चिन्हे क्रमाने मांडली तर क, काना, क, काना, अनुस्वार, च, काना, मोकळी जागा, क, काना, ग, द अशी बारा होतात. (होय, दोन शब्दांमधील मोकळी जागा हेही संगणकाच्या लेखी एक चिन्हच आहे.) सर्वांत साधी रीत अशी. 'कागद' या शब्दाची चिठ्ठी मजकुराच्या पहिल्या चिन्हाखाली धरावयाची आणि एकेक चिन्ह ताडून पाहावयाचे. क जुळला, काना जुळला, परंतु 'ग' च्या जागी 'क' निघाला. मग चिठ्ठी एक घर उजवीकडे सरकवावयाची. तेथे पहिलेच चिन्ह काना आहे, म्हणून लगेच पुढे. तिसऱ्या घरी पुन्हा क व काना जुळतात आणि अनुस्वारापाशी फसगत होते. असे करीत नवव्या घरी चारही चिन्हे जुळतात आणि शब्द सापडतो. कागदावर मोजून पाहा, एकूण १६ तुलना कराव्या लागतात. २०,००० चिन्हांच्या मजकुरात चार चिन्हांचा शब्द बसू शकेल अशी १९,९९७ घरे असतात. प्रत्येक घरी चारही तुलना कराव्या लागल्या, तरी त्या ७९,९८८ पेक्षा अधिक होणार नाहीत. मनुष्याला हे दिवसभराचे काम आहे. संगणकाला एका क्षणाचे.

पायथनमध्ये हे काम करणारी 'फाइंड' नावाची तयार आज्ञा आहे. तिला मजकूर, शब्द आणि कोठून आरंभ करावयाचा ते घर सांगितले, की ती शब्द सापडल्याचे घर कळविते. मात्र ती घरे एकपासून न मोजता शून्यापासून मोजते. म्हणून वरील उदाहरणात तिचे उत्तर नऊ नसून आठ येते. आणि शब्द सापडलाच नाही तर? पुष्कळांना वाटेल की अशा वेळी शून्य हे उत्तर यावे. परंतु शून्य म्हणजे तर 'अगदी पहिल्याच घरी सापडला' असा अर्थ झाला. तेव्हा 'नाही' हे सांगण्यास कोणत्याही घराचा क्रमांक होऊ शकणार नाही अशीच संख्या हवी. म्हणून ती आज्ञा उणे एक हे उत्तर देते. 'काहीच नाही' आणि 'आरंभीच आहे' या दोन गोष्टींची गल्लत होऊ न देण्याची ही दक्षता लहान दिसते. पण जो तिचा विसर पाडतो, त्याचा एडिटर पहिल्या ओळीतील पहिला शब्द कधीच शोधू शकत नाही.

एवढ्याने सोय पुरी होत नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने विचार केला पाहिजे. त्याला वर एक लहान चौकट हवी, तीत तो शब्द लिहील. शेजारी बटण हवे. बटण दाबल्यावर आज्ञावलीने पुढील कामे क्रमाने करावयाची. चौकट रिकामी असेल तर तेथेच थांबावे. मागच्या शोधाचा रंग पुसून टाकावा. लिहिणाऱ्याचा कर्सर जेथे उभा आहे तेथून पुढे शोधावे. शब्द सापडल्यास त्यास पिवळा रंग द्यावा, तो भाग खिडकीत दिसेल असा वर आणावा आणि ते घर लक्षात ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्या पलीकडून आरंभ करता येईल. मजकूर संपला तर पुन्हा आरंभापासून शोधावे, पण तसे केल्याचे लिहिणाऱ्याला सांगावे. जेथून निघालो तेथवर परत येऊनही काही सापडले नाही, तर 'हा शब्द या मजकुरात नाही' असे स्पष्ट सांगावे.

यांतील प्रत्येक पायरीला कारण आहे. रिकाम्या चौकटीचेच पाहा. रिकामा शब्द कोठेही 'सापडतो', कारण त्यात जुळवावयाचे असे काहीच नसते. आज्ञावली 'सापडला, सापडला' म्हणत त्याच घरावर पाय आपटीत उभी राहते, पुढे सरकत नाही, आणि खिडकी गोठून जाते. 'आरंभापासून पुन्हा' या पायरीचेही तसेच आहे. कोठून निघालो याची खूण ठेवली नाही, तर नसलेल्या शब्दासाठी घाण्याच्या बैलाप्रमाणे ती अखंड फिरत राहील. पुढचा शोध नेमका कोठून करावा, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. 'काकाका' या रांगेत 'काका' किती वेळा आहे? सापडलेल्या शब्दाच्या पूर्ण पलीकडून पाहिले तर एकदा, आणि एकच घर पुढे सरकून पाहिले तर दोनदा. दोन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. आपणांस कोणते हवे ते आधी ठरविले पाहिजे.

येथे एका चतुर कल्पनेची कथा सांगण्याजोगी आहे, आणि ती एडिटरच्याच संबंधात घडलेली आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत जेम्स मॉरिस हे सीडीसी ६४०० या संगणकासाठी एक टेक्स्ट एडिटर तयार करीत होते. वर सांगितलेल्या साध्या रीतीत चिठ्ठी सरकविल्यावर मजकुरात पुन्हा मागे जावे लागते, हे त्यांना खटकले. एकदा वाचलेले चिन्ह पुन्हा वाचण्याचे कारण काय? त्यांनी मागे न जाता शोधण्याची युक्ती काढली. काही महिन्यांनी त्यांना असे आढळले, की बरोबरीच्या मंडळींना ती मुळीच समजली नव्हती आणि त्यांनी 'दुरुस्ती' करून तिचा विचका केला होता! पुढे डोनाल्ड नुथ, मॉरिस आणि वॉन प्रॅट या तिघांनी मिळून १९७७ साली ती पद्धती प्रसिद्ध केली, आणि आज ती त्या तिघांच्या नावाने जगभर शिकविली जाते.

ती युक्ती आपल्या भाषेतील उदाहरणाने पाहू. मजकुरात 'काकाकाकुवा' अशी रांग आहे आणि आपण 'काकाकुवा' शोधीत आहोत. चिठ्ठी पहिल्या घरी धरली, तर क, काना, क, काना, क ही पाच चिन्हे जुळतात. सहाव्या ठिकाणी आपणांस उकार हवा आणि मजकुरात आहे काना. उतावळा मनुष्य म्हणेल, 'पाच चिन्हे फुकट गेली, आता सहाव्या घरापासून पाहू.' पण तसे केले, तर तिसऱ्या घरापासून सुरू होणारा खरा काकाकुवा हातचा उडून जाईल! साधी रीत दुसऱ्या घरी जाऊन सारे पहिल्यापासून ताडते. ती चुकत नाही, पण श्रम दुप्पट करते. मॉरिस यांची रीत म्हणते: जुळलेल्या पाच चिन्हांतील शेवटची तीन, म्हणजे 'काक', ही आपल्या शब्दाची पहिली तीन चिन्हेही आहेत. तेव्हा चिठ्ठी दोन घरे सरकवा, ती तीन चिन्हे जुळलीच आहेत असे धरा, आणि मजकुरात आहात तेथूनच पुढे चला. शब्दाच्या पोटात त्याचाच आरंभ कोठे कोठे दडला आहे, याचे कोष्टक आधी करून ठेवले, की हे साधते. ठेच लागली तरी आतापर्यंत मिळविलेले ज्ञान टाकून द्यावयाचे नाही, हे या रीतीचे मर्म आहे.

त्याच १९७७ साली रॉबर्ट बॉयर आणि स्ट्रॉदर मूर यांनी आणखी एक रीत प्रसिद्ध केली. ती शब्द शेवटाकडून ताडते. 'काकाकुवा' आठ चिन्हांचा. मजकुराचे आठवे चिन्ह पाहिले आणि ते 'ठ' निघाले, तर 'ठ' आपल्या शब्दात कोठेच नसल्यामुळे पहिली आठही घरे एकदम ओलांडता येतात. मधल्या सात चिन्हांकडे पाहावेसुद्धा लागत नाही. सर्व काही न वाचता 'येथे नाही' असे खात्रीने म्हणता येते, हे प्रथम ऐकताना अजब वाटते, पण ते तर्काला धरून आहे.

शोधाच्या या सोयीमुळे भाषेच्या अभ्यासकांचेही मोठे काम झाले आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांच्या 'एड' नावाच्या एडिटरमध्ये शोधाची आज्ञा होती. तेथील ली मॅकमॅहन यांना १७८७-८८ साली लिहिल्या गेलेल्या 'फेडरलिस्ट' या ८५ निबंधांचा भाषिक अभ्यास करावयाचा होता. त्यांतील काही निबंध नेमके कोणी लिहिले याविषयी वाद होता. पण एवढा मजकूर त्या एडिटरमध्ये मावेना. तेव्हा थॉम्प्सन यांनी शोधाचा तेवढा भाग वेगळा काढून दिला. 'ग्रेप' नावाने तो प्रसिद्ध झाला आणि आजही वापरात आहे. कोणता लेखक कोणते शब्द वारंवार योजतो, यावरून लेखकाचा माग काढण्याचा हा प्रयत्न होता. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने गणिताकडे परके म्हणून पाहू नये, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

आता आपल्या मराठीकडे वळू. कारण इंग्रजीसाठी केलेली सोय मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाही. इंग्रजीत मोठी व लहान लिपी असते, त्यांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून शोधण्यापूर्वी दोन्हीकडील अक्षरे लहान करून घ्यावी लागतात. देवनागरीत ही अडचण नाही. पण आपल्या अडचणी निराळ्या आहेत. 'राम' हा शब्द शोधून पाहा. संगणक 'आराम' मध्ये तो दाखवील, हे समजण्यासारखे आहे. परंतु तो 'विश्राम' आणि 'ग्राम' यांतही दाखवील! आपल्या डोळ्यांना तेथे 'रा' दिसत नाही. पण 'ग्राम' हा शब्द संगणकात ग, हलन्त, र, काना, म असा साठविलेला असतो, आणि शेवटची तीन चिन्हे म्हणजेच 'राम'. शोधापुरते हे गमतीचे आहे. पण एडिटरमध्ये 'सर्वत्र बदला' अशीही सोय असते. एखाद्याने कथेतील नायकाचे नाव राम बदलून गोविंद करावयाचे ठरविले आणि न पाहता बटण दाबले, तर 'आराम' चे 'आगोविंद' आणि 'विश्राम' चे 'विश्गोविंद' होऊन बसेल. यावर उपाय म्हणून शब्दाच्या आधी व नंतर दुसरे अक्षर नसेल तरच तो जुळला असे मानता येते. पण मग 'रामाने', 'रामाला' ही रूपे सुटतात. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते: पाऊस, पण पावसात, देऊळ, पण देवळात, नदी, पण नद्यांत. 'पाऊस' शोधणाऱ्याला 'पावसात' सापडत नाही, कारण चिन्हांची रांगच बदलते. व्याकरणाच्या तासाला जे नियम पाठ करण्याचा आपणांस कंटाळा येतो, तेच नियम येथे उपयोगी पडतात.

याहूनही सूक्ष्म अडचण अशी, की डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धचंद्राकृती र घ्या. तो कोणी ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून लिहितो, तर कोणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह योजून. 'ॲ' हे अक्षरही कोणी २४१८ क्रमांकाच्या एकाच चिन्हाने लिहितो, तर कोणी अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी. छापून काढले तर फरक ओळखता येणार नाही. पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधू गेल्यास संगणक 'नाही' म्हणतो. म्हणून मराठीसाठी एडिटर करणाऱ्याने शोधण्यापूर्वी मजकूर व शब्द या दोहोंतील अशी रूपे एकाच साच्यात बसवून घेतली पाहिजेत. मूळ मजकुराला मात्र हात लावू नये. ताडण्यासाठी त्याची प्रत करावी आणि तीत बदल करावे.

लिपीच बदलली, तर ही अडचण शिगेला पोहोचते. फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या पाठात देवनागरी शब्द शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही, जरी शब्द शुद्ध मराठी असला तरी. आमची कोकणी तर देवनागरी, रोमन आणि कन्नड अशा अनेक लिप्यांत लिहिली जाते. गोव्यातील जुन्या घराण्यांचे दाखलेही असेच. १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज अमदानीतील कागदपत्रांत 'कामत' हे आडनाव 'कामोतीं' असे आणि रोमनमध्ये 'सी' या अक्षराने आरंभ करून लिहिलेले आढळते. आज नातू 'के' अक्षराने कामत शोधू लागला, तर आजोबांचे नाव यादीत असूनही यंत्र म्हणेल, 'सापडले नाही.'

आणि येथेच या साऱ्या विवेचनाचे महत्त्व आहे. शाळेचा दाखला, मतदारांची यादी, जमिनीचा उतारा, रुग्णालयातील नोंद, अशा कित्येक ठिकाणी आज मनुष्याचे नाव संगणकात शोधले जाते. उत्तर 'नाही' असे आले, की खिडकीपलीकडचा मनुष्य मान हलवितो आणि अलीकडचा हताश होऊन परततो. परंतु यंत्राच्या 'नाही' चा अर्थ एवढाच असतो, की 'ही चिन्हांची रांग, नेमकी अशीच, या मजकुरात मला आढळली नाही.' तो मनुष्य नाही, त्याचा जन्म झाला नाही, त्याचा हक्क नाही, असा तिचा अर्थ कदापि होत नाही. ज्याला शोधाची रीत ठाऊक आहे, तो लगेच दुसरा प्रश्न विचारतो: ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिले का? आडनाव आधी लिहून पाहिले का? नावाचा अर्धाच भाग लिहून शोधले का? जुन्या लेखनपद्धतीने पाहिले का? अशा चार प्रश्नांनी एखाद्या वृद्धेचा हेलपाटा वाचू शकतो.

ज्या विद्यार्थ्यांजवळ संगणक आहे, त्यांनी वर सांगितलेल्या पायऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. ज्यांच्याजवळ नाही, त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. चौकटीच्या वहीचे एक पान घ्या. एका ओळीत, प्रत्येक चौकटीत एक चिन्ह, याप्रमाणे एखादे वाक्य लिहा; शोधावयाचा शब्द वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहा, आणि ती पट्टी घराघराने सरकवीत किती तुलना होतात ते मोजा. नंतर 'काकाकुवा' ची युक्ती लावून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे शेजारी मांडले, म्हणजे मॉरिस यांना १९६९ साली काय सुचले होते ते तुम्हांस आपोआप उमगेल. घरातील वडीलधाऱ्यांनाही या खेळात घ्यावे. एक 'ग्राम' हा शब्द त्यांच्यापुढे ठेवावा आणि यात राम कोठे आहे ते विचारावे. उत्तर शोधता शोधता सारे घर आपल्या लिपीकडे नव्या नजरेने पाहू लागेल.